माळ्यावरचं अर्धं वर्तमानपत्र आणि तळाची एक ओळ

कौलारू
गणपतीला गावी गेलो होतो. रत्नागिरी तालुक्यात, हमरस्त्यापासून बरंच आत आमचं घर. विसर्जन झालं, पाहुणे पांगले आणि पाऊस काही थांबेना, म्हणून माळा आवरायला घेतला. एक पत्र्याची पेटी निघाली. आत जुनी पंचांगं, खंडाच्या पावत्या, कोर्टाचे कागद, एक गंजलेला अडकित्ता. आणि तळाला अंथरलेला वर्तमानपत्राचा अर्धा कागद.

वरचा भाग वाळवीने खाल्लाय. नाव गेलं, तारीख गेली. खालच्या भागात कसल्याशा औषधाची जाहिरात, कोर्टाच्या लिलावाची नोटीस, भाताचे भाव, आणि अगदी तळाला बारीक टायपात एक ओळ : 'हें पत्र रत्नागिरी येथें' (इथे भोक) 'यांनीं आपल्या छापखान्यांत छापून प्रसिद्ध केलें.' म्हणजे नेमकं माणसाचं नाव होतं तिथेच वाळवीने हात मारलाय.

माझे दोन प्रश्न. हे पत्र कुठलं असेल? आणि ही अशी ओळ अजूनही प्रत्येक पेपराच्या तळाशी असते, ती का? आजीला विचारलं तर ती म्हणाली, "पेपर काय वाचायला यायचे होय? आंब्याच्या पेटीत घालायला यायचे."

तिखटमीठ
आजी रॉक्स. पहिला प्रतिसाद माझा.

खिळेजुळाऱ्याची_नात
कौलारू, तुम्ही म्हणता 'तळाला एक ओळ', पण आमच्या घरात ती ओळ म्हणजे कुळाचार होता. माझे आजोबा चिपळुणात एका छापखान्यात कंपोझिटर, म्हणजे अक्षरं जुळवणारे, होते, पायाने चालवायच्या ट्रेडल यंत्रावर. मी लहानपणी डबा द्यायला जायचे तेव्हा बघितलंय. अंक छापून झाला की खिळे (छपाईची सुटी अक्षरं) सोडायचे, म्हणजे प्रत्येक अक्षर पुन्हा 'केस' नावाच्या खणांच्या पेटीत आपापल्या घरात. ती एक ओळ मात्र कधी सोडायची नाही. दोरा गुंडाळून गॅलीच्या, म्हणजे जुळवलेला मजकूर ठेवायच्या तबकाच्या, कोपऱ्यात तशीच ठेवायची. पुढच्या आठवड्याला नवा फर्मा, म्हणजे छापायच्या पानांचा साचा, बांधताना तीच उचलून तळाला बसवायची. मजकूर दर आठवड्याला नवा, ओळ वर्षानुवर्षं तीच. आजोबा म्हणायचे, "अग्रलेख बदलतो, आरोपी तोच."

मला वाटायचं गंमत करतायत. मोठी झाल्यावर कळलं की ते अगदी सरळ अर्थाने बोलत होते. ही ओळ १८६७ च्या कायद्यातून आलीय. छापखाना चालवायचा तर मॅजिस्ट्रेटसमोर जाऊन लिहून द्यायचं, आणि छापलेल्या प्रत्येक कागदावर मुद्रकाचं नाव आणि छापल्याचं ठिकाण घालायचं. नाही घातलं तर शिक्षा. उद्या काही वावगं छापून आलं तर फौजदाराने कुणाचं दार ठोठवायचं, त्याचा पत्ताच तो.

वकीलकाका
नातीने मुद्द्याचं सांगितलं. थोडी भर घालतो. हा १८६७ चा कायदा स्वातंत्र्यानंतरही चालूच होता, २०२३ साली त्याच्या जागी नवा कायदा आला आणि तो १ मार्च २०२४ पासून लागू झाला. दीडशे वर्षांहून जास्त टिकला. आमच्याकडे कौलं त्याच्या निम्मीही टिकत नाहीत.

पण लोक गल्लत करतात म्हणून सांगतो, १८६७ चा कायदा हा गळा दाबणारा नव्हता, गळा कुठे आहे ते टिपून ठेवणारा होता. दाबायचं काम नंतरच्यांनी केलं. १८७० मध्ये दंडविधानात १२४अ घुसवलं, राजद्रोहाचं कलम. आणि १४ मार्च १८७८ ला व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने कौन्सिलच्या एकाच बैठकीत देशी भाषांतल्या पत्रांचा कायदा पास करून घेतला. नुकताच मोठा दुष्काळ पडून गेलेला, त्यातच दिल्ली दरबाराची उधळपट्टी, अफगाणिस्तानात लढाईची तयारी. देशी पत्रं यावर लिहीत होती, ते सरकारला सोसेना.

त्या कायद्याची रीत बघा. मॅजिस्ट्रेट देशी भाषेतल्या पत्राच्या मुद्रकाला आणि प्रकाशकाला बोलावून मुचलका, म्हणजे हमीपत्र, लिहून घेणार, हवं तर अनामत मागणार. सरकारला न आवडणारं छापलं तर अनामत जप्त, पुन्हा छापलं तर छापखानाच जप्त. आणि कोर्टात अपील नाही! हे नको असेल तर दुसरी वाट, छापण्याआधी प्रुफं सरकारी अधिकाऱ्याला दाखवून मंजूर करून घ्या. इंग्रजी पत्रांना यातलं काही लागू नाही. लोकांनी त्याला मुस्कटदाबीचा कायदा म्हटलं ते उगीच नाही.

पुढे लिटनच्या जागी लॉर्ड रिपन आला आणि तीन-चार वर्षांतच तो कायदा रद्द झाला.

झील_मालवणचो
वकिलानु, माका एक सांगा. इंग्रजी पेपराक कायदो नाय, मराठीक कायदो. मगे सगळ्यांनी पेपर इंग्रजीतच कित्याक नाय काढल्यानी? हिशोब मिटलो असतो.

वकीलकाका
झिला, बंगालात एकाने तसं केलं. 'अमृत बझार पत्रिके'त बंगालीही असायचं, कायदा झाला आणि आठवड्याभरात ती निव्वळ इंग्रजीत निघाली. पण रत्नागिरीच्या पेठेत इंग्रजी पेपर काढून वाचणार कोण? कलेक्टर, जज आणि हायस्कूलचा हेडमास्तर. सरकारला इंग्रजीची भीती नव्हतीच. एक जण वाचतो आणि ओटीवर बसलेले दहा जण ऐकतात, त्या भाषेची भीती होती.

झील_मालवणचो
गावला. म्हणजे वाचणाऱ्याक नाय, ऐकणाऱ्याक घाबरत होते.

तिखटमीठ
जरा उलटी बाजू मांडतो, दगड मारू नका. छापखाना आणला कुणी? गोऱ्यांनीच ना? पेशवाईत वर्तमानपत्र होतं का? बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं ते कंपनी सरकारच्या राज्यातच. स्वातंत्र्य त्यांनीच दिलं आणि पुढे थोडं आखडलं, एवढंच. आपण नेहमी रडकथाच का सांगतो?

कौलारू
जांभेकर आमच्या कोकणातलेच, देवगड तालुक्यातलं पोंभुर्लं. ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण'चा पहिला अंक, म्हणून तो पत्रकार दिन. पत्र मुंबईचं, पण माणूस आमचा. बाकी मुद्द्यावर वकीलकाका बोलतील.

वकीलकाका
दगड कशाला, प्रश्न रास्त आहे. 'दर्पण' निघालं तेव्हा परवान्याची पद्धत होती. १८३५ मध्ये गव्हर्नर जनरल मेटकाफने ती काढली आणि खरोखर मोकळीक मिळाली, ते श्रेय द्यायलाच हवं. पण १८५७ मध्ये बंड झालं आणि लगेच तेव्हाच्या गव्हर्नर जनरल कॅनिंगने वर्षभरासाठी परवाने परत आणले. दावं लांब सोडलं म्हणून गुरू मोकळं होत नाही, खुंटा तिथेच असतो. आणि 'दर्पण'ला एका अंगाला इंग्रजी होतं, एका अंगाला मराठी, म्हणजे साहेबाला शेजारच्या स्तंभातच सगळं कळत होतं. गडबड झाली ती साहेबाला न कळणारी मराठी वाढली तेव्हा.

दप्तरी_किडा
शेवटच्या वाक्यासाठी काकांना +१. त्यावर मी मुंबईत बसून बराच वेळ घालवलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. तिथे देशी वृत्तपत्रांवरचे साप्ताहिक अहवाल बघायला मिळतात. मुंबई इलाख्यातली सगळी देशी पत्रं सरकारी भाषांतरकाराच्या कचेरीत यायची. तिथले कारकून, आपलेच मराठी-गुजराती जाणणारे, ती वाचून सरकारला बोचेल किंवा उपयोगी पडेल अशा मजकुराचा इंग्रजीत गोषवारा करायचे. समासात पत्राचं नाव आणि तारीख, परिच्छेदांना क्रमांक. वर 'गोपनीय'. साहेब चहाबरोबर वाचत असणार.

अहवालाला जोडलेली पत्रांची यादी मला जास्त आवडते. पत्राचं नाव, गाव, दैनिक की साप्ताहिक, संपादकाचं नाव, जात आणि वय, आणि खप. जात आणि वय! चित्पावन, वय अमुक. संपादक पन्नाशीचा आहे की पंचविशीचा, हे सरकारला कशाला हवं होतं ते तुम्हीच ओळखा.

त्या याद्यांत रत्नागिरीची पत्रं भेटतात. 'जगन्मित्र', 'सत्यशोधक'. ('सत्यशोधक' नाव बघून फुल्यांच्या समाजाशी जोडू नका, हे पत्र १८७१ चं, समाज १८७३ चा. मीही आधी फसलो होतो.) कौलारूंचा कागद यातल्याच एखाद्याचा असू शकतो.

आता यातला विनोद बघा. या पत्रांचे मूळ अंक आज कोकणात किती सापडतील? दमट हवा, वाळवी, कसर, आणि आजींनी सांगितलेली आंब्याची पेटी. ज्यांना ती पत्रं प्रेमाने यायची त्यांच्याकडे ती उरली नाहीत. ज्यांनी संशयाने मागवली त्यांनी त्यांचा गोषवारा बांधून, पुठ्ठा घालून, कपाटात ठेवला. रत्नागिरीतला माणूस तेव्हा कलेक्टरवर काय लिहीत होता, हे आज मला त्या कलेक्टरच्याच भाषेत वाचावं लागतं. मराठी वाक्य कसं होतं, टोमणा होता की आर्जव, 'महाशय' म्हटलं होतं की 'साहेब', ते गेलं.

खिळेजुळाऱ्याची_नात
हे वाचून कसंतरीच झालं. आजोबांनी जुळवलेली अक्षरं पण अशीच गेली असणार.

वकीलकाका
किड्या, तुझ्या गोषवाऱ्याचंच पुढचं पाऊल म्हणजे खटला. १५ जून १८९७ च्या 'केसरी'तल्या मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, सोबत मुद्रकही आरोपी होता. म्हणजे बघा, ती तळाची ओळ! मुद्रक सुटला, टिळकांना १८ महिने. ज्यूरीत सहा युरोपियन म्हणाले दोषी, तिघे हिंदी म्हणाले निर्दोष. न्यायमूर्ती स्ट्रॅचीने कायद्यातल्या 'अप्रीती'चा अर्थ लावला प्रीतीचा अभाव. सरकारवर प्रेम नसणं हाच गुन्हा! पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, कलमातही द्वेष आणि तिरस्कार हे शब्द घालून ते आणखी रुंद केलं.

१९०८ ला तर कहरच. 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे दोन लेख. न्यायमूर्ती दावर. ज्यूरीत सात युरोपियन, दोन पारशी. मराठी लेखावर खटला आणि ठरवणाऱ्या नऊ जणांची भाषा मराठी नाही. त्यांच्या हातात भाषांतर. टिळकांनी सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली ती शब्दाशब्दावर, या शब्दाला हा इंग्रजी शब्द कसा लावलात म्हणून. स्वतःच्या बचावाचं भाषण २१ तासांहून जास्त. दोन्ही पारशी निर्दोष म्हणाले, सात जण दोषी. सहा वर्षं काळं पाणी, २२ जुलैच्या रात्री. दुसऱ्या दिवशी २३ जुलै, त्यांचा वाढदिवस. जन्म रत्नागिरीचा, १८५६.

माझं स्पष्ट मत, त्या खटल्यात टिळक नव्हे, भाषांतर दोषी ठरलं.

तिखटमीठ
आणि पाठवलं मंडालेला. तिथला थिबा राजा आधीपासून रत्नागिरीत नजरकैदेत, १८८६ पासून. ब्रह्मदेशचा राजा आमच्याकडे आणि आमचा माणूस ब्रह्मदेशात. सरकारची अदलाबदल चोख होती. (बघा, मी पण तुमच्या बाजूने बोललो.)

गणपुले_नव्हे
टिळक आले म्हणजे आता सावरकर येणार, मग पन्नास प्रतिसाद आणि धागा बंद. मी चहा ठेवते.

संपादक मंडळ
धागा छान चाललाय. आजच्या पक्षांवर आणि व्यक्तींवर घसरू नये ही विनंती. तीन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

झील_मालवणचो
तीन प्रतिसाद अप्रकाशित! सेन्सॉरच्या धाग्यार सेन्सॉर!! मंडळानु, गोषवारो तरी करून ठेवा.

बांद्याची_वहिनी
झीलभावजी, हसून हसून पुरेवाट. जरा दक्षिणेचं सांगते, तुम्ही सगळे मुंबई-रत्नागिरीतच अडकलात.

आमचं सावंतवाडी संस्थान. संस्थानात राजाचं राज्य, त्यामुळे राजावर टीका करायची तर लोक ब्रिटिश मुलखातल्या पत्रात करायचे. ते संस्थानिकांना खुपायला लागलं. १९२२ मध्ये संस्थानिकांविरुद्ध अप्रीती पसरवण्याला बंदी घालणारा कायदा आला. विधिमंडळाने तो नाकारला होता, तर व्हाइसरॉय रीडिंगने आपल्या अधिकारात करून टाकला. एका बाजूने छापखान्यांकडून अनामत घेणारा १९१० चा कायदा त्याच वर्षी रद्द, दुसऱ्या बाजूने हा चालू.

आणि तेरेखोल नदी ओलांडलीत की पोर्तुगीज गोवा. आमचे निम्मे सोयरे पलीकडे. तिथे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळात तर छापायच्या आधीच सगळं तपासून घ्यायचं, लग्नाची पत्रिकासुद्धा. माझ्या सासूबाईंचं माहेर पेडण्याचं, त्या म्हणायच्या, "आमच्या लग्नाक आधी सेन्सॉरान होय म्हटल्यान, मगे भटान." ब्रिटिशांची तऱ्हा वेगळी. आधी छापू द्यायचं आणि मग छापणाऱ्याला धरायचं. कोणतं बरं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

वकीलकाका
वहिनी, ब्रिटिशांची तऱ्हा स्वस्त पडते. तपासनीस पोसायला नको, माणूस स्वतःच स्वतःचा तपासनीस होतो. १९१० च्या कायद्याचं कलमच बघा. नव्या छापखान्याने ५०० ते २००० रुपये अनामत ठेवायची, आधीच्या छापखान्याकडे ५००० पर्यंत मागता येते. ती जप्त झाली तर पुन्हा सुरू करायला १००० ते १०,०००. त्यानंतर चुकलात तर छापखानाही सरकारजमा. तालुक्याच्या गावात दस्त, दरपत्रकं आणि मुंजीच्या पत्रिका छापून जगणारा माणूस एवढी रोकड कुठून आणणार? त्याला तुरुंगात टाकायची गरजच नाही. नोटीस आली की तो संपादकाला हात जोडतो, "तुमचं पत्र दुसरीकडे छापा."

१९३० ला पुन्हा तेच. एप्रिलच्या शेवटी वटहुकूम काढून १९१० ची कलमं जिवंत केली, आणि त्यानंतर पंधरवड्यात शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह. १९३१ ला त्याचाच रीतसर कायदा केला.

दप्तरी_किडा
महाडच्या माणसाचं नाव अजून कुणी घेतलं नाही? शिवराम महादेव परांजपे. जन्म १८६४, महाडचा. १८९८ ला पुण्यात 'काळ' काढलं, बरोबर राजद्रोहाचं कलम रुंद झालं त्या साली. त्यांनी उपाय काढला वक्रोक्तीचा. सरकारची स्तुती अशी करायची की वाचणाऱ्याला कळावं आणि कोर्टाला पकडता येऊ नये. माझा कयास, भाषांतरकार कारकुनाची तर पंचाईतच होत असेल. शब्दशः भाषांतर केलं तर ते सरकारचं कौतुक होतं! टीका म्हणून लिहायचं तर साहेब विचारणार, यात कुठे दिसते?

तरी दहा वर्षांनी, १९०८ ला, धरलंच. १९ महिने सक्तमजुरी. आणि १९१० च्या कायद्याखाली जबर जामीन मागितल्यावर 'काळ' बंद झालं.

शाळेत आम्हाला वक्रोक्ती अलंकार म्हणून शिकवली. ती जामीन वाचवायची युक्ती होती, हे कुणी सांगितलं नाही.

खिळेजुळाऱ्याची_नात
आमच्या आजोबांना याच्या उलट अनुभव. मालक म्हणायचा, उपरोध छापू नका, प्रूफ वाचणारा चूक समजून दुरुस्त करतो.

कौलारू
धागा वर काढतोय. दिवाळीला परत गेलो, या वेळी भिंग घेऊन. दोन गोष्टी सापडल्या. लिलावाच्या नोटिशीत 'सन १८९' एवढं दिसतं, पुढचा आकडा खाल्लाय. म्हणजे दशक मिळालं, टिळकांच्या राजद्रोहाच्या पहिल्या खटल्याचंच. आणि मागच्या बाजूला एका मजकुराच्या शेवटच्या चार ओळी आहेत, त्यात 'मायबाप सरकारच्या दयाळूपणाबद्दल' असं काहीसं आहे. परवापर्यंत मी हे खुशमस्करी म्हणून सोडून दिलं असतं. आता डोक्यात किडा सोडलात.

आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "भाताचा भाव काय लिहिलाय ते वाच."

एक व्यावहारिक शंका, कागद ठेवू कसा? हातात घेतला की कडा झडतात.

दप्तरी_किडा
लॅमिनेशन अजिबात नको, चिकटपट्टी नको. आम्लरहित कागदाच्या घडीत सपाट ठेवा, पत्र्याच्या पेटीत परत नको, पावसात आत घाम धरतो. आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, तिरप्या उजेडात. मी पुढच्या आठवड्यात काळा घोड्याला जातोय, १८९० नंतरच्या याद्यांत रत्नागिरीचे मुद्रक-संपादक काय दिसतात ते उतरवून आणतो.

खिळेजुळाऱ्याची_नात
कौलारू, नाव नसलं तरी पत्र ओळखता येईल बहुतेक. मी आधी लिहिलं ना, ती तळाची ओळ कधी सोडत नाहीत, दोरा बांधून तशीच ठेवतात. मग तिच्यातला एखादा खिळा तुटका असेल तर तो दर आठवड्याला त्याच जागी तुटकाच छापला जाणार. भिंगाने अक्षर न् अक्षर बघा, कुठे काना मोडलाय, कुठे मात्रा उडालीय. मग रत्नागिरीच्या नगर वाचनालयात विचारा, १८२८ चं आहे ते, त्या काळातला एखादा रत्नागिरीचा अंक असेल तर त्याची तळाची ओळ शेजारी ठेवून बघा.

कौलारू
आत्ताच बघितलं. 'छापून'मधल्या 'छा'चा काना खालून अर्धा तुटलाय. आणि 'प्रसिद्ध'मधला 'प्र' बाकीच्या ओळीपेक्षा किंचित वर बसलाय. सोमवारी वाचनालयात जातो.